गोड लागेपर्यंत

अत्तारबाईंनी आम्हाला दिलेला पहिला गृहपाठ खायचा होता. घरी जायचं, जोंधळ्याच्या भाकरीचा कोरडा तुकडा घ्यायचा, त्याला कालवण लावायचं नाही, आणि तो गोड लागेपर्यंत चावत राहायचं. "गोड लागल्याबिगर गिळायचा न्हाई. आन् किती येळा चावला त्ये वहीत लिवून आणायचं," बाई म्हणाल्या.

माझी आई चुलीपुढून माझ्याकडं बघतच राहिली. "म्हशीवानी काय रवंथ करतोस रं? भाकरी कवा गोड लागती व्हय?" मी मोजत होतो म्हणून बोलता येईना. तीस झाले, पस्तीस झाले, तोंडात नुसता चिखल झाला. आणि मग जिभेच्या कडेला काहीतरी गोडसर आलं. साखरेसारखं नाही, दुधाळ कणीस खाल्ल्यासारखं. मी एवढा दचकलो की गिळूनच टाकलं. आकडा विसरलो. वहीत चाळीस लिहून दिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, "संभा, तुझं आन् तुझ्या शेजाऱ्याचं बी चाळीसच? दोघांची थुंकी एकाच डेअरीची दिसती."

मी नववीतून शाळा सोडली. विट्याजवळच्या आमच्या गावात निम्म्या घरांतली माणसं सोनं गाळायच्या धंद्यात परमुलखात आहेत, तसा मीही आहे. तामिळनाडूत सेलमला असतो. लिहायची सवय नाही, चुका होतील. पण माझ्या पोरीच्या पोटाचं दुखणं निघालं आणि त्यात बाई परत भेटल्या. तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. त्या आहेत तोवर हे लिहून व्हावं असं वाटतं.

शाळेत सगळ्या शिक्षिकांना 'मॅडम' म्हणायची पद्धत होती. ह्या एकट्या 'बाई'. त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "मॅडम म्हटलं की मला खुर्चीत बसावं लागंल." आणि खुर्चीत त्या कधीच बसल्या नाहीत. खुर्चीवर स्पिरिटचा दिवा, परीक्षानळ्या आणि भाताच्या पेजेचा डबा ठेवलेला असायचा. बाई फिरत असायच्या. फळ्यापासून मागच्या बाकापर्यंत, तिथून दारातून बाहेर, व्हरांड्यातून खिडकीपाशी, आणि खिडकीतून आत तोंड घालून राहिलेलं वाक्य पुरं करायच्या. शिपाई म्हणायचा, बाईंच्या चपला सरकारनं पुरवल्या पाहिजेत.

फळ्यावर त्या पुस्तकातली भाषा लिहायच्या, तोंडानं मात्र त्यांची कडेगावची. वडील आठवडे बाजारात सुरमा, अत्तर, अगरबत्ती विकायचे. त्यांचं पुरुषी घड्याळ बाईंच्या उजव्या मनगटावर सैल फिरत असायचं. चालणं, बोलणं, लिहिणं सगळं पळत. फक्त जेवण सावकाश. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बाकीच्यांचे डबे धुऊन व्हायचे, तरी बाई उभ्या उभ्याच, घड्याळाकडं बघत, पहिला कोरडा घास चावत असायच्या. रमजानात रोजे धरायच्या. तेव्हा वर्गातल्या कुणालातरी पुढं बोलवायच्या, हातात भाकरीचा तुकडा द्यायच्या. "आज माझं तोंड बंद हाय. तू चाव, मला सांग." आणि तो पोरगा चावत असताना त्याच्या तोंडाकडं अशा बघत राहायच्या, जणू गोडी त्याच्या जिभेवर नाही, त्यांच्याच जिभेवर येणार आहे.

हे सगळं विकरांसाठी. एन्झाईमला आमच्या पुस्तकात विकर म्हटलं होतं. पुस्तकात त्याची व्याख्या होती, ती मला आजही येत नाही. बाईंची मात्र येते. "लगीन जमवणारा माणूस बघितलाय न्हवं? ह्या घरात बसतो, त्या घरात बसतो, गाठ मारून देतो. सवता नवराबी हुत न्हाई आन् नवरीबी. पंगतीला जेवला की चालला फुडच्या गावाला. विकर तसं. काम करतं आन् जसंच्या तसं मोकळं." मग लगेच बोट वर करून, "पर येका विकराला येकच काम येतं. थुंकीतलं भाकरीला हात लावंल, मटणाला न्हाई. मटणाचं जठरात. तेला-तुपाचं त्याच्या बी फुडं, आतड्यात, आन् त्ये पाठवायचं काम स्वादुपिंडाचं. आपापलं गिऱ्हाईक ठरल्यालं."

एकदा मी विचारलं होतं, पोटात तेजाब असतं ना, मग तेच सगळं विरघळवत असेल. तेजाब म्हणजे आमच्या धंद्यातलं ॲसिड. त्यात चांदी विरघळते आणि सोनं मागं राहतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बाई जागच्या जागी थांबल्या. थांबल्या हेच विशेष. "ह्यो प्रश्न पुस्तकात न्हाई," म्हणाल्या आणि मूठभर शेंगा माझ्या बाकावर ठेवल्या. "तेजाब हाय, पर नुसत्या तेजाबानं काम भागत न्हाई गड्या. त्यात बसून काम करणारं विकर येगळं."

शेंगा त्यांच्या पिशवीत कायम असायच्या आणि त्या बरोबर उत्तराला मिळायच्या नाहीत. 'समजलं नाही' असं जो मोठ्यानं म्हणेल त्याला मिळायच्या. बाईंना एकाच गोष्टीची चीड होती, न समजता मान डोलवणाऱ्याची. "मान नगं, तोंड! नंदीबैलाला म्या काय इचारलं त्ये कळत न्हाई, तरी त्यो मान डोलवतो. तू तोंडानं सांग." मी त्यांचा सगळ्यात पक्का नंदीबैल होतो. बापाचा धाक, मास्तरांचा धाक, कुणी मोठ्यानं बोललं की माझी मान आपोआप हलायची. अजून हलते.

थुंकीच्या प्रयोगाची गोष्ट गावात अजून सांगतात. बाईंनी भाताची पेज पातळ करून प्रत्येकाच्या नळीत घातली, आयोडीनचा थेंब टाकला. पेज निळीशार. म्हणाल्या, आता दुसऱ्या नळीत थुंका. कुणी हलेना. पोरी तोंडाला ओढणी लावून हसायला लागल्या. बाईंनी स्वतः नळी घेतली, सगळ्यांसमोर थुंकल्या. "हं. माझी झाली. आता लाजायचं कारण संपलं." थुंकी निळ्या पेजेत ओतायची आणि नळी काखेत धरायची. "कोंबडी अंडं उबवती तशी. अंगाची ऊब पुरं, जास्त नगं." पन्नास पोरं काखेत नळ्या धरून गंभीर चेहऱ्यानं बसलेली. थोड्या वेळानं एकेक नळीतला निळा रंग विटत गेला, पेज पाण्यासारखी झाली. पिष्ट संपून साखर झाली होती. वर्गात ओरडा झाला.

फक्त माझी नळी निळीच होती.

कारण मी गलाईवाल्याचा, सोनं गाळणाऱ्याचा पोरगा. आमच्या घरात एकच गोष्ट शिकवली जाते, तापवलं की शुद्ध होतं. थुंकी ती, घाण. म्हणून बाईंची पाठ वळल्यावर मी ती दिव्यावर चांगली उकळून घेतली होती आणि मग पेजेत ओतली होती. आता सगळ्यांचं झालं आणि आपलं राहिलं म्हटल्यावर मला घाम फुटला. मी गुपचूप सगळी नळीच दिव्यावर धरली. आणि काय नवल, निळा रंग गेला! मी ओरडलो, "बाई, माझं झालं!"

बाई आल्या. नळी गरम लागली तशी त्यांच्या लक्षात आलं. नळी पाण्याच्या वाटीत उभी केली आणि म्हणाल्या, "थांब. गार हू दे." सगळा वर्ग वाटीभोवती. नळी गार होत गेली आणि तळापासून निळा रंग परत वर आला. पोरं हसली. मी रडायच्या बेताला.

"हसू नगासा," बाई म्हणाल्या, "आज खरा प्रयोग ह्यानंच केलाय. आच लागल्यावर रंग नुसता लपला हुता, काम झालंच न्हवतं. विकर म्हंजी येक घडी असती. त्या घडीच्या आकारातच त्याचं काम. उकळलं की घडी मोडली. उकडल्यालं अंडं परत कच्चं हुतंय का?" मग माझ्या पाठीवर थाप मारून, "सोनं उकळून शुद्ध हुतं रं. जिवंत माणसाच्या पोटातलं काम उकळून मरतं. तुझ्या भट्टीचा कायदा हितं न्हाई चालत." त्यांनी त्या नळीला बूच लावलं, कागद चिकटवून 'संभाची नळी' असं लिहिलं आणि खिडकीत ठेवली. मी शाळा सोडली तोवर ती तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी शाळा समितीतले एक आण्णा तावातावानं आले. "बाई, पोरान्ला थुकायला शिकवता व्हय? ह्यो अभ्यास हाय का?"

"आवं आण्णा, बसा तरी."

"बसायला न्हाई आलो."

"मी बी बसत न्हाई. मग उभ्यानंच करू." आणि त्यांनी आण्णांच्या हातात नळी दिली. मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला. आण्णा लाल झाले, इकडंतिकडं बघितलं, आणि कोपऱ्यात तोंड करून थुंकले. नळी काखेत धरून पाच मिनिटं ताठ उभे. निळा रंग गेला तेव्हा त्यांनी नळी उजेडात धरली आणि हळूच विचारलं, "पोरांच्यापेक्षा लवकर झालं का उशिरा?"

"लवकर," बाई म्हणाल्या.

आण्णा खूश होऊन गेले. ते गेल्यावर आम्ही विचारलं, खरंच लवकर झालं का? "घड्याळ बंद हाय माझं," म्हणाल्या आणि व्हरांड्यात निघून गेल्या.

नववीत असताना वडिलांनी मला न्यायचं ठरवलं. बाई घरी आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, अंगणात फेऱ्या घालत बोलत होत्या. वडील म्हणाले, "बाई, आमच्यात मिसरूड फुटायच्या आत पोरगं भट्टीवर जातं. आमी बी तसंच गेलो."

"जाऊ दे की. पर आनखी येक वरीस. कच्चं काढू नगा."

"तिथं पिकतंय त्ये."

बाई फेऱ्या घालायच्या थांबल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुला काय वाटतं?" बापानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलवली. कुणासाठी डोलवली ते मलाही कळलं नाही. बाईंनी पिशवीतल्या उरलेल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या. "पुस्तक सुटलं तर सुटू दे. पर समजलं न्हाई की समजलं न्हाई म्हनायचं. येवढं तरी घेऊन जा." आणि भराभर निघून गेल्या. मी तेवढंही नेलं नाही.

अनू माझी एकुलती एक. तीन वर्षांची झाली तरी दंड काडीसारखे आणि पोट तेवढं पुढं. सारखी भूक भूक करायची. जेवायची पोटभर आणि सगळं तसंच तेलकट होऊन बाहेर पडायचं. रुपाली, माझी बायको, रोज म्हणायची, "खाती तर लय, आवं मग जातंय कुठं?" खूप तपासण्यांनंतर सेलमच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वादुपिंडातून पाचक रस येत नाही. कॅप्सूल आयुष्यभर. कॅप्सूल उघडायची, आतले दाणे घासावर घालून जेवणाच्या सुरुवातीला द्यायचे. पुढं ते तामिळ आणि इंग्रजीत बरंच काही सांगत होते. मी मान डोलवत होतो.

तीन महिने दाणे दिले. वजनाचा काटा जिथल्या तिथं. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून विचारायचे, औषध नीट देता ना? मी मान डोलवायचो. रात्रंदिवस एकच विचार, पोरगी हातची जाते. रुपाली वाफाळता गुरगुट्या भात करायची, त्यात दाणे. आईनं फोनवर बजावलं होतं, लेकराला गरम गरम द्या. आणि दाणे लवकर लागू पडावेत म्हणून मी ते दुकानातल्या जुन्या खलात घालून अगदी पीठ करून आणायचो. आमच्या धंद्यात बारीक केलेलं आणि तापवलेलं तेच खरं.

एक दिवस दुपारी घरी जेवायला आलो. रुपाली अनूच्या ताटलीतल्या भातावर ते पीठ घालत होती. वाफ वर येत होती. ती म्हणाली, "थांबा, गार हू दे," आणि फुंकर मारली. माझ्या डोळ्यांपुढं एकदम वाटीत उभी केलेली नळी आली. तळापासून वर चढणारा निळा रंग आला. मी ताटली ओढूनच घेतली. पोरगी रडायला लागली.

शाळेतल्या मित्राकडून नंबर काढला आणि तसाच उभ्या उभ्या फोन लावला. आवाज बाईंचा वाटेना, जाड आणि खरखरीत. मधेच थांबायचा, पाण्याचा घोट घेतल्यासारखं ऐकू यायचं.

"बाई, मी संभा. नळीवाला."

"निळा संभा! बोल."

मी सगळं सांगितलं. पलीकडं पाण्याचा घोट ऐकू आला. मग, "कुटलास? आन् वर उकळत्या भातात?"

"व्हय बाई."

"अरं खुळ्या, त्या दाण्याला वर डगला घातल्याला असतो. पोटातल्या तेजाबातनं वाचून फुडं आतड्यात जावा म्हणून. तू त्येचा डगला फाडलास, वरनं चटका दिलास, आन् म्हनतोस काम का करत न्हाई." मला हुंदका आला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या. "रडू नगं. दोष तुझा न्हाई, भट्टीचा हाय. आता ऐक. मी मास्तरीण हाय, डॉक्टर न्हवं. आत्ताच्या आत्ता जा आन् त्यास्नी इचार, गरम चालतं का, कुटलेलं चालतं का. आन् तिथं मान डोलवलीस तर बघ."

मी तसाच दवाखान्यात गेलो. डॉक्टर घाईत होते. मी मोडक्यातोडक्या तामिळमध्ये, आठ-दहा माणसांसमोर म्हटलं, मला मागच्या वेळी समजलं नव्हतं, परत सांगा. त्यांनी मान वर केली. कागदावर वाफेचं भांडं काढलं आणि त्यावर फुली मारली. खल काढला, त्यावरही फुली. मग थंड लापशीचा चमचा काढला, त्यात अख्खे दाणे, आणि न चावता लगेच गिळायचं. शेवटी म्हणाले, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. खरं होतं ते. मी म्हटलं, हो, चूक माझी.

महिनाभरात मळ बदलला. दोन महिन्यांनी काटा हलला. थोडाच, पण हलला. रुपालीनं त्या दिवशी अनूला कडेवरून उतरवलंच नाही. जड लागतीय, जड लागतीय, एवढंच म्हणत होती.

यंदा गावच्या जत्रेला आलो तेव्हा अनूला घेऊन बाईंकडं सांगलीला गेलो. विट्याहून सकाळची एसटी धरली. बाईंनी दार उघडलं आणि मी ओळखलंच नाही. निम्म्या झालेल्या. गळ्याची कातडी काळवंडलेली, हातात पाण्याची बाटली. मनगटावरचं घड्याळ आता कोपरापर्यंत घसरत होतं.

"घशात गाठ हुती," त्यांनीच सांगितलं, फेऱ्या घालत. फेऱ्या तशाच होत्या, फक्त लहान झाल्या होत्या. "किरणं दिली. गाठ गेली, तिच्यासंगं थुंकी बी गेली. तोंड नुसतं वाळवंट. घोट घेतल्याबिगर शब्द फुटत न्हाई." आणि हसल्या. "आख्ख्या गावाला थुकायला लावलं. आता माझ्याच नळीत थेंब न्हाई."

फोनवर मी माझंच रडगाणं गायलो होतो. त्यांना एका शब्दानंही विचारलं नव्हतं. मी मान खाली घातली.

त्यांचं लक्ष अनूकडं होतं. तिचा दंड दोन बोटांत धरून बघितला, गाल बघितले. मग आत जाऊन टोपल्यातली भाकरी आणली. एक तुकडा मोडला, स्वतःच्या तोंडात घातला, पाण्याचा घोट घेतला, चावू लागल्या. चावल्या, चावल्या, घड्याळाकडं बघितलं. मग नाही अशी मान हलवली आणि तो घास तसाच पाण्याबरोबर गिळला. दुसरा तुकडा मोडून अनूच्या हातात दिला आणि तिच्यापुढं जमिनीवर बसल्या. बाईंना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

"तू चाव. गिळायचं न्हाई. मला सांग."

भाकरी आधी, दाणे नंतर, चालेल का? बाईंना माझ्याकडं न बघताच कळलं. "असू दे रं. भाकरीचं पयलं काम थुंकीचं, आन् थुंकी तिची चांगली हाय. ताटावर बसली की दे तुझे दाणे."

अनू चावत होती. गाल एकदा इकडं फुगत होता, एकदा तिकडं. बाई तिच्या तोंडाकडं बघत होत्या, रमजानात बघायच्या तशाच, ओठ किंचित उघडे. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, कुणी हललं नाही. मग अनूचे डोळे एकदम मोठे झाले. तिनं माझ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, आणि जोरजोरात मान डोलवली.

"मान नगं," बाई म्हणाल्या. आवाज फुटेना. बाटली जवळच होती, पण त्यांनी ती घेतली नाही. "तोंडानं सांग."

"गोड," अनू म्हणाली.

बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या रिकाम्या तोंडाचा जबडा हळूहळू हलत होता.